वैशूचं फूल

पुन्हा थंडी पडली आणि पुन्हा त्या कांद्यानं डोकं वर काढलं. परवापर्यंत कुंडीत नुसता तपकिरी सालांचा गोळा बसलेला होता, अर्धा मातीत, अर्धा बाहेर, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा. आज सकाळी शिलाई मशीनवरचे धागे झटकताना लक्ष गेलं, तर त्याच्या शेंड्यातून हिरवं टोक बाहेर आलेलं. पान नव्हे, दांडा. इतक्या वर्षांनी मला फरक कळतो. पान पातळ आणि लवचिक येतं, दांडा जाड येतो आणि टोकाला कळी मिटलेल्या चोचीसारखी असते. माणसाला आनंद व्हायला पाहिजे. मी मात्र त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी शेजारच्या पोरीला माझ्या पोरीपेक्षा जास्त मार्क पडले की वापरते.

स्पष्टच सांगते, मी या कांद्यावर जळते. जाऊ जावेवर जळते, शेजारीण शेजारणीवर जळते, त्याला जगात मान्यता आहे. पण पन्नाशी ओलांडलेली बाई कुंडीतल्या झाडावर जळते हे कोणाला सांगायची सोय नाही. ह्यांना एकदा सांगितलं, तर जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. हातात तेव्हा कांद्याचीच फोड होती. यंदा तर त्या जळण्याला आणखी सरपण मिळालं आहे. फूल उमलायच्या आधीच आई माझ्या घरातून गेली आहे, वैशालीकडे, पुण्याला. थंडी सरली की येईन म्हणाली आहे. ती येईल, की तिकडेच रमेल, एवढा एकच विचार सध्या माझ्या डोक्यात आहे.

वैशाली माझी धाकटी बहीण. शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिकडेच लग्न करून राहिली. मी चंद्रपुरात, घरीच ब्लाऊज शिवते. आम्हाला भाऊ नाही. बाबा होते तोवर आईबाबा धानोऱ्याला राहायचे. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. लेकीच्या घरी राहायचं तिला जड गेलं, पहिलं वर्षभर तर ती माझ्या घरात पाहुण्यासारखी कडेकडेनं वावरायची. मग हळूहळू तिनं देव मांडले, गॅलरीत तुळस लावली, चहात साखर किती घालायची ते ठरवून टाकलं. घर तिचं झालं. मला तेच पाहिजे होतं.

तो कांदा आला त्या वर्षीची थंडी मला नीट आठवते. धानाच्या कापण्या उरकल्या होत्या. धानोऱ्याहून कोणी ना कोणी नवा तांदूळ घेऊन यायचं, सोबत लाखोळीच्या कोवळ्या भाजीची जुडी. घरभर नव्या तांदळाच्या पेजेचा वास. आई सकाळी उन्हाच्या पट्ट्यात पाय ठेवून बसायची आणि पट्टा सरकला की खुर्चीही सरकवायची. अशा एका सकाळी कुरियरवाला खोकं देऊन गेला. वैशालीनं पाठवलेलं. आत नारळाच्या भुशाची वडी, एक नाजूक कुंडी, आणि कागदात गुंडाळलेला एक भलामोठा कांदा.

आईनं तो हातात घेतला, नाकाशी नेला, परत पाहिला. म्हणाली, "पुन्यात कांदे लई झाले का वं? एवढ्या दुरून एक कांदा पाठवला पोरीनं."

तेवढ्यात वैशालीचा फोन आलाच. हा खायचा नाही म्हणे, विषारी असतो. हे थंडीतलं फूल आहे, घरात खिडकीशी ठेवायचं. ॲमरिलिस त्याचं नाव. आईनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. त्या दिवसापासून ते 'वैशूचं फूल' झालं. अजून माती ओली झाली नव्हती, कोंब आला नव्हता, आणि नावही ठेवून झालं होतं.

भुशाची वडी मी भिजवली. कांदा मी लावला. मान आणि खांदे बाहेर राहतील असा लावायचा, सगळा पुरला तर कुजतो. पहिलं पाणी एकदाच, तेही कोमट, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडून बसायचं. बाहेर ठेवायचा प्रश्नच नव्हता. आमच्या चंद्रपुरात सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. कोळशाची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांनाही सोडत नाही, ती फुलाला काय सोडणार. त्यात माकडं. गॅलरीतल्या जास्वंदीची एक कळी त्यांनी कधी आम्हाला बघू दिली नाही. म्हणून कुंडी घरातच ठेवायची, आणि घरात उजेडाची खिडकी एकच. तिच्याखाली माझी मशीन.

"मशीन जराशी सरकव न," आई म्हणाली.

"मले शिवाले उजेड लागते, आई."

"बल्ब लाव. फुलाले बल्ब चालत नाई."

मशीन सरकली. त्या थंडीत मी दिवसा दिवा लावून काळ्या कापडावर काळा दोरा शोधला आणि माझ्या वाटचं ऊन कांदा खात बसला. दांडा वाढला तो डोळ्यांदेखत. सकाळी शिवणाच्या टेपनं मोजावा आणि संध्याकाळी पुन्हा मोजावा. उजेडाकडे झुकतो म्हणून रोज कुंडी थोडी थोडी फिरवायची. झोकांडी खायला लागला तेव्हा मी त्याला बांबूची कमची लावून मऊ चिंधीनं बांधलं. मग एका सकाळी कळी उकलली आणि लाल भोंग्यासारखी चार फुलं चार दिशांना तोंड करून उभी राहिली. इतकी लाल की खोलीतलं बाकी सगळं फिकं वाटायला लागलं, माझ्या मशीनवरचं लग्नाचं ब्लाऊजसुद्धा.

सुंदर होती. ते मी नाकारत नाही. तसं पाहिलं तर याच्याच जातीतलं एक फूल आमच्या धानोऱ्याच्या अंगणात उन्हाळ्यात यायचं. पाऊस पडायच्या आधी जमीन फोडून उभं राहायचं, कोणी लावलेलं नसायचं, कोणी पाणी घातलेलं नसायचं. आई त्याच्यावरून बादली घेऊन जायची आणि बघायचीही नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय खोटं आहे?

फूल आलं की वैशालीला व्हिडिओ कॉल. आई केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून कुंडीशेजारी बसायची. "पाय वं वैशू, तुयं फूल! काय रंग हाय! तुयी आठवण येते पायलं का." फोन धरायला मी. फोन जरा उजवीकडे, आता फुलावर, आता आईवर. त्या सगळ्या कॉलमध्ये आई आहे, फूल आहे, एकदा तर ह्यांची वाळत घातलेली बनियनही आहे. मी कुठंच नाही.

शेजारच्या नसीम भाभींना हे दिसायचं. त्यांच्या मालकांचं पेठेत गाद्यांचं दुकान, आणि भाभींची जीभ गादी शिवायच्या सुईसारखी. आई एकदा त्यांना फूल दाखवत होती, "वैशूचं हाय." भाभी म्हणाल्या, "वैशूचं तर हाय आजी, पण वैशू येऊन पानी टाकते का?" आई हसली आणि विषय बदलला. जाताना भाभी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "घर की मुर्गी दाल बराबर, नंदाबाई." माझ्यासाठी कोणी तरी बोललं याचं बरं वाटलं. आणि तेवढ्यासाठी शेजारीण लागावी याचं वाईटही.

फूल सरलं की खरं काम सुरू होतं, आणि ते कोणी व्हिडिओ कॉलवर बघत नाही. वाळलेला दांडा कापायचा, पानं मात्र ठेवायची. आमच्या उन्हाळ्यात, डांबर वितळतं तेव्हा, त्या पानांना जगवायचं. पाणी, शेणखत, ओल्या फडक्यानं पानांवरची काळी धूळ पुसणं. कांदा पुढच्या फुलाची शिदोरी त्या पानांतूनच बांधतो. मग पावसाळा कलायला लागला की पाणी तोडायचं. पूर्ण. पानं पिवळी पडून गळू द्यायची आणि कांदा दीड-दोन महिने अंधारात कोरडा निजू द्यायचा. निजला नाही तर थंडीत फूल धरत नाही.

इथं आईनं घात केला. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं आणि तांब्यात उरेल ते बाकीच्या कुंड्यांना थोडं थोडं द्यायचं, ही तिची जन्माची रीत. धानोऱ्याला तर ती दारातल्या निंबालाही ओंजळभर पाणी घातल्याशिवाय चहा पीत नसे. घरातलं झाड तहानलेलं ठेवून आपण कसं प्यायचं? मी कांदा पलंगाखाली अंधारात ठेवला आणि आई रोज सकाळी वाकून, गुडघे धरून, पलंगाखाली हात घालून त्याला तुळशीचं उरलेलं पाणी पाजत राहिली. मला पत्ताच नाही. दिवाळीआधी काढला तर बोट आत गेलं. काळा, मऊ, घाण वास.

आई त्याच्याजवळ बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वैशूचं फूल मेलं. तुया हाताले गुण नाई, नंदे."

मी कुंडी उचलून मोरीत घासायला नेली. बोलले असते तर फार बोलले असते. वैशालीनं फोनवर आईची समजूत घातली, जाऊ दे आई, मी दुसरा पाठवते. दुसरा आला. आईनं तो चाळभर दाखवला. मरण माझ्या नावावर गेलं आणि पुनर्जन्म वैशालीच्या. दुरून डोंगर साजरे. डोंगर पुण्याला असला म्हणजे तर फारच.

पुढच्या वर्षी पाणी तोडायची वेळ आली तेव्हा मी आईला समोर बसवलं. म्हटलं, "आई, तो आता झोपला हाय. झोपलेल्या लेकराले उठवून पाणी पाजते का कोणी?"

आईनं जरा विचार केला. म्हणाली, "मंग असं सांगाव न पयलेच." त्यानंतर तिनं एक थेंब घातला नाही. उलट पलंगाजवळून जाताना पावलं हळू टाकायला लागली. माझी पोरं लहान असताना धानोऱ्याला दुपारी झोपायची तेव्हा तिनं कधी रेडिओ बारीक केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीला वैशाली आली तेव्हा माझ्या जळण्याचं मूळ मला सापडलं. ती माहेराला आली होती. आठ दिवस तिनं चमचा उचलला नाही, आणि उचलू पण नये, माहेराला आलेल्या पोरीनं कशाला उचलावा. आई तिच्या आवडीचं सांगायची आणि मी करायची. वडाभात झाला, सांबारवडीचं कोथिंबिरीचं सारण तिच्यासाठी वेगळं, कमी तिखट झालं. चौथ्या दिवशी पुऱ्या लाटता लाटता माझ्या लक्षात आलं: माझ्या घरात माझ्या बहिणीचं माहेर आहे. मग माझं माहेर कुठं आहे? आई जिथं, तिथं पोरीचं माहेर. आई माझ्याकडे आली आणि त्याच दिवशी माझं माहेर बंद झालं. मी माझ्याच बहिणीची वहिनी झाले.

ती निघाली त्या दिवशी आईनं मला बोलावलं. "वैशूची ओटी भर." आई विधवा, ती आमच्याकडे ओटी भरत नाही, म्हणून ती सांगते आणि मी भरते. नारळ, हळद-कुंकू, खण, तांदूळ. मग आई म्हणाली, "तिच्या फुलाचं एक पिल्लू पण दे ओटीत." कांद्याच्या बुडाशी त्या वर्षी दोन पिल्लं धरली होती, लसणाच्या गाठीएवढी. मी जपून सोडवली आणि त्यातलं लहान वैशालीच्या ओढणीत ठेवलं. आईनं शांतपणे ते उचललं, मोठं ठेवलं.

माझा तोल गेला. "अन् माही ओटी कोण भरते?" मी विचारलं.

वैशालीनं खाली बघितलं. आईला खरंच कळलं नाही मी काय विचारते आहे ते. साध्या आवाजात म्हणाली, "तू कुठी जातेस वं? ओटी जाणारीची भरते. तिनं वापस यावं म्हनून भरते. तू तं इथीच हायेस."

मी मशीनवर जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या जोडून ठेवल्या. पुढे वर्षभर ते वाक्य माझ्यासोबत राहिलं. भाजी चिरताना, काजं करताना, आईच्या गुडघ्यांना तेल लावताना. तू तं इथीच हायेस. कधी ते ऐकून जीव जळायचा. कधी वाटायचं, हिच्या तोंडून माझ्याबद्दल याहून मोठं काही निघणारही नाही.

यंदा पावसाळा गेला आणि आईचा खोकला सुरू झाला. दरवर्षी होतो, पण यंदा तिला पायऱ्या चढवेनात. डॉक्टर म्हणाले, थंडीत धूळ खाली बसून राहते, जमलं तर दोन-तीन महिने दुसरीकडे हलवा. दुसरीकडे म्हणजे कुठं, ते आमच्या घरात कोणाला विचारावं लागलं नाही. वैशाली न्यायला आली. मी दिवसातून तीनदा खिडक्या पुसत होते, दाराखाली चिंध्या खुपसत होते, ते सगळं वाया. माझ्या घरची हवाच आईला सोसेना, आणि वैशालीकडची सोसणार. हवेवरही जळता येतं हे मला नव्यानं कळलं.

त्याहून झोंबलं ते आईचं आवरणं. मला वाटलं होतं कुरकुर करेल, नाही म्हणेल. तिनं आठ दिवस आधी पिशवी काढली. "पुन्याच्या लोकांत जा लागते," म्हणून चार ब्लाऊज शिवायला टाकले, माझ्याचकडे, आणि दुसऱ्या दिवसापासून तगादा लावला. मी शिवले. गिऱ्हाइकाचे बाजूला ठेवून शिवले. ह्यांनी विचारलं, एवढं मनात आहे तर राहा म्हण ना तिला. कशी म्हणू? रात्रंदिवस तो खोकला ऐकत होते मी. राहा म्हणणं म्हणजे खोक म्हणणं.

आदल्या दिवशी तिनं कांदा अंधारातून बाहेर काढायला लावला. मी नव्या मातीत बसवला, कोमट पाणी घातलं, खिडकीत ठेवला. ती बघत बसली होती. "वैशूचं फूल आलं का फोटू पाठवजो," म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि ते मला वैशालीसमोर नको होतं.

निघायच्या सकाळी खाली ऑटो येऊन थांबला. वैशालीची ओटी रीतीनं मीच भरली, सुपातल्या तांदळाच्या पाच मुठी, नारळ, खण. ती माझ्या पाया पडली. आई चपला घालून दारात उभी होती, खांद्यावर शाल, हातात औषधांची पिशवी. मी सूप घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. आधी काही ठरवलं नव्हतं.

"पदर कर, आई."

"मले?" ती दचकली. "काऊन? माया कपाळाले कुंकू नाई, अन् ओटी भरतेस? असं करत नसते कोणी."

"जाणारीची भरते, तूच सांगतलं होतं. आज तू चालली."

"लोक काय म्हनतीन?"

"इथी लोक कुठी हायेत? मी हाव अन् वैशू हाय. पदर कर. अन् ध्यानात ठेव, ओटी घेतली का वापस या लागते. वैशूकडून इथी, माया घरी. हे तुयं माहेर हाय."

तिला खोकल्याची उबळ आली, ती तिनं आवरली. "लई जिद्दीची हायेस तू," म्हणाली आणि औषधांची पिशवी खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी पदर पसरला. धुऊन धुऊन विरलेला पदर होता. कुंकू लावलं नाही, तेवढं तिचं ऐकलं. मुठी मात्र मोजल्या नाहीत. सूपच उलटं केलं. तांदूळ पदरातून ओसंडून उंबऱ्यावर सांडला, आणि आई "अवं पुरे, पुरे" म्हणत गाठ मारायला धडपडत होती, आणि हसत होती.

वैशाली बाजूला उभी होती, ओढणीच्या टोकात पाच मुठींची गाठ घेऊन. "ताई, मला मोजून दिलेस गं," ती म्हणाली. ओठ हसत होते, डोळे नाही. ती जळत होती. मला ते लगेच ओळखू आलं, त्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही.